अँबेसिडरचं इंजिन उतरवणं : इंदूरच्या रामबागेतल्या अंगणातल्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

काकांच्या अँबेसिडरचं इंजिन उतरवायचं ठरलं. गाडी मार्क ४, १९८४ सालची, पेट्रोलवरची, १४८९ सीसी. ऑइल पिते, निळा धूर सोडते आणि गरम झाली की ऑइलच्या दाबाचा काटा झोपतो. आज चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. पहिला आणि तिसरा फारच खाली. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर दोन्हीकडे काटा चांगला चढला. ऑइलने फट बुजते म्हणून दाब वाढतो, म्हणजे गळती रिंगांपाशी आहे. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल सोडून फारसा फरक पडला नसता.

तेव्हा रिंगा, बेअरिंगा बदलायच्या आणि बहुतेक बोअरिंगही, म्हणजे सिलिंडर आतून कापून जरा रुंद करणं. बोअरिंगचं काम इंजिन गाडीत ठेवून होत नाही.

काकांची अट एकच आहे. गाडी टोचन करून गॅरेजात टाकायची नाही. त्यांच्या एका मित्राची गाडी अशीच 'आठ दिवसांत देतो' म्हणून गेली आणि पुढे तिच्या टपावर वेल चढला. तेव्हा इंजिन लेथवाल्याकडे जाईल, गाडी घरातच राहील. उतरवायचं काम अंगणात.

३ डिसेंबर, मंगळवार

अंगण मोजलं. रुंदी ३.६ मीटर, लांबी साधारण ९ मीटर, एका टोकाला फाटक आणि बाहेर बोळ. खाली फरशी आहे, पण फरशीखाली माळव्याची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे एकही फरशी शेजारणीच्या पातळीत नाही. कुठे बोटभर वर, कुठे खाली. ही गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा निर्णय हिच्यावर फिरणार असं वाटतंय.

४ डिसेंबर, बुधवार

इंजिन कसं उतरवायचं यावर घरात प्रत्येकाचं मत आहे.

काकांच्या तरुणपणी झाडाची फांदी. त्यांनी स्वतः कडुनिंबाला दोर टाकून एक इंजिन काढलेलं पाहिलंय. जिवंत फांदी वजनाखाली वाकते आणि वजन सुटलं की उसळते. किती पेलेल हे तुटेपर्यंत कळत नाही. दुसरी जुनी पद्धत बल्लीची. इंजिनाला दोर बांधायचा, दोरातून बल्ली घालायची, चौघांनी खांद्यावर घ्यायची आणि गाडीवरून उचलून बाजूला व्हायचं. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीचं इंजिन लोक अजून असं काढतात. अँबेसिडरचं इंजिन बिडाचं आहे. एकाचा पाय सरकला तर उरलेल्या तिघांचं काय होईल, याचा विचार केला की ही पद्धत बाद.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, तिथला जेसीबीवाला "दो मिनट का काम है" म्हणून मागे लागलाय. त्याला दोन मिनिटं लागतील यात शंका नाही. पण इंजिन गिअरबॉक्सपासून सुटताना बोटाच्या पेराएवढ्या हालचालीही मोजून करायच्या असतात, आणि त्याच्या लिव्हरला तेवढी बारीक चाल जमत नाही.

छताचा हुक. पोर्चच्या स्लॅबमध्ये पंख्यासाठी हुक आहे आणि वहिनींचा सवाल होता की त्याला का नाही. तो हुक पंख्यासाठी टाकलाय. आत सळईला कसा अडकवलाय, अडकवलाय की नुसता काँक्रीटमध्ये खुपसलाय, हे बाहेरून दिसत नाही. जे दिसत नाही त्याला इंजिन टांगणार नाही.

खालून काढायची पद्धत या गाडीच्या कामाची नाही, तरी नोंदवतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे असतं, ते खालूनच उतरतं. हल्लीच्या बऱ्याच पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स सबफ्रेमसकट ट्रॉलीवर उतरवतात आणि मग वरची बॉडीच उचलून घेतात. कारखान्यात त्यांची जोडणीही अशीच खालून झालेली असते. त्यासाठी गाडी उंच उचलणारी लिफ्ट हवी. अँबेसिडरमध्ये इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने बसलेलं, पुढे रेडिएटर आणि वर भलंमोठं बॉनेट. हिचा रस्ता वरूनच.

उरले दोन उपाय. घडीची हायड्रॉलिक इंजिन क्रेन किंवा चेन कुप्पी, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायची कप्पी.

८ डिसेंबर, रविवार

क्रेन भाड्याने आणून पाहिली. दोन टनी, चाकांवर फिरणारी, घडी करून लोडिंग रिक्षात येते. तिच्या हाताला चार भोकं आहेत आणि प्रत्येकापाशी वेगळा आकडा छापलाय: २०००, १५००, १०००, ५०० किलो. हात जितका लांब काढाल तितकी ताकद कमी. 'दोन टनी' हा आकडा हात पूर्ण आत असतानाचा, आणि तसा तो कधीच वापरता येत नाही, कारण मग हुक इंजिनापर्यंत पोचतच नाही. बंपर काढला तरी इंजिनाचा मध्य गाडीच्या नाकापासून जवळजवळ मीटरभर आत आहे. म्हणजे आपल्यासाठी ही क्रेन अर्ध्या टनाची. इंजिन, फ्लायव्हील आणि क्लच मिळून मी हिशेबात २०० किलो धरलेत, मुद्दाम जरा जास्तच. तेव्हा ५०० पुरे.

ताकदीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न चाकांचा निघाला. क्रेनची चाकं मुठीएवढी आणि आमच्या फरशा वरखाली. रिकामी क्रेन ओढतानाही प्रत्येक सांध्याला अडत होती. उंच टांगलेलं इंजिन घेऊन अडली तर इंजिन झोका घेईल, आणि वजन जितकं उंच तितकी क्रेन उलटायला सोपी.

शिवाय एक चाचणी लावली. सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या हुकाला टांगल्या, जॅकच्या दांड्यावर खडूने खूण केली आणि चहा प्यायला गेलो.

चहा संपेपर्यंत खूण दिसेनाशी झाली होती. दांडा आत सरकला. व्हॉल्व्ह घट्ट बंद होता, म्हणजे सील गळतंय. क्रेन परत पाठवली. हीच चाचणी मी प्रत्येकाला सुचवीन, भाड्याची असो की नवी कोरी. हायड्रॉलिक जॅकने वजन उचलून दाखवलं, एवढ्यावर त्याची परीक्षा होत नाही. ते धरून ठेवतो का ते बघायचं.

१५ डिसेंबर, रविवार

पुतण्या आला होता. तो पीथमपूरला एका कारखान्यात आहे, दिवसभर वजनं उचलणाऱ्या यंत्रांच्या सावलीत वावरतो. (सावलीत, खाली नव्हे. हा फरक त्यानेच मला बजावून सांगितला.) त्याच्याशी बोलून चेन कुप्पी पक्की केली.

चेन कुप्पीत गिअर असतात आणि एक घर्षणाचा ब्रेक. हाताची साखळी ओढणं थांबवलं की वजन आहे तिथे राहतं; खाली आणायलाही साखळी उलटी ओढावीच लागते. सील नाही, तेलाचा दाब नाही, गळायचं काही नाही. हातभर साखळी ओढली की वजन अगदी थोडं हलतं. लोक याला तिचा दोष मानतात. मला नेमकं तेच हवंय.

दुसरी गोष्ट त्याने कागदावर काढून दाखवली, ती इथे उतरवतो, कारण गॅरेजात हे कोणी बोलत नाही. इंजिनाला दोन ठिकाणी साखळी बांधून मध्ये हुक लावला की साखळीच्या दोन तंगड्या होतात. वजन २०० किलो असलं तर प्रत्येक तंगडीवर १०० असं वाटतं. ते फक्त दोन्ही तंगड्या सरळ उभ्या असल्या तरच. तंगडी आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकीवर ११५ किलो येतात. ४५ अंशांत १४१. ३० अंशांत पूर्ण २००, म्हणजे प्रत्येक तंगडी एकटीच सगळं इंजिन उचलतेय. आणि आडवी ओढ वेगळी. ६० अंशांत बोल्टाला आतल्या बाजूला ५८ किलोची ओढ बसते, ३० अंशांत १७३. बोल्ट वाकतात ते या ओढीने. उंची वाचवायला म्हणून साखळी आखूड बांधणारे लोक ही किंमत मोजत असतात, त्यांना पत्ता नसतो.

ठरलं: ६० अंशांपेक्षा पसरट काही बांधायचं नाही. बोल्ट डोक्यावर ८.८ छापलेलेच, जाड वायसरसकट, आणि आट्यांत बोल्टाच्या जाडीच्या निदान दीडपट खोल गेलेले. कापडी पट्टा वापरलाच तर जांभळा, म्हणजे एक टनी (हिरवा दोन टनी, पिवळा तीन टनी), आणि त्यावरचा टॅग शाबूत हवा. चिरलेला पट्टा फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

कुप्पी सियागंजातून आणली, एक टनी. दुकानदाराला वाटलं गोदामासाठी हवीय.

ती टांगायची कशाला हा प्रश्न उस्तादांनी सोडवला. हे आमच्या गल्लीच्या टोकाचे जुने मिस्त्री, ॲक्सिडेंटच्या गाड्यांपासून पाण्याच्या मोटारींपर्यंत सगळ्यात हात घालणारे. ते म्हणाले, "भिया, बोरिंग वालों की घोड़ी ले आओ." बोअरवेलमधून सबमर्सिबल पंप ओढायला तीन पायांची पाइपची तिपाई असते, माळव्यात गावोगाव. एकेक पाय १२ फुटांचा. शेकडो फूट पाइप आणि पंप मिळून ओढणाऱ्या घोडीला आमचं इंजिन काहीच नाही. एका पंपवाल्याकडून ती मिळतेय.

आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्याने फरशीचा प्रश्न एकदम सुटला. घोडी हलवायची नाही, इंजिनही हलवायचं नाही. इंजिन वर लटकलं की गाडीच मागे ढकलायची. गाडीची चाकं मोठी आहेत, बोटभर फरशीला ती दाद देत नाहीत. इंजिन जागच्या जागी लोंबतं आणि खालून गाडी निघून जाते.

२१ डिसेंबर, शनिवार

सोडवासोडव सुरू. यात मजा नाही, नुसते पाने बदलत बसायचं. बॅटरी काढली, आधी अर्थची तार. पाणी सोडलं, ऑइल सोडलं. बॉनेट उतरवण्याआधी बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना फटी जुळवत बसावं लागणार नाही. बॉनेट गादीवर, वहिनींच्या नाराजीसह. रेडिएटर, पंखा, होज. बंपर.

प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी आणि आकडा, आणि तोच आकडा फोटोत. नट-बोल्ट औषधांच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर नाव.

२२ डिसेंबर, रविवार

कार्ब्युरेटर आणि दोन्ही मॅनिफोल्ड डाव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर उजवीकडे. सायलेन्सरचे नट गंजलेले. रात्री डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडून ठेवलं होतं, सकाळी दोन नट सुटले, एक स्टडसकट बाहेर आला. चालेल, तो तसाही बदलायचा होता. सेल्फ काढला.

गिअरबॉक्ससकट काढायचं की नुसतं इंजिन, यावर काका आणि उस्ताद यांच्यात तासभर जुंपली. सगळं एकत्र काढलं तर शाफ्ट आणि क्लच जुळवायची कटकट बाहेर, उजेडात करता येते, हा उस्तादांचा मुद्दा. पण मग प्रोपेलर शाफ्ट, गिअरचे दांडे, स्पीडोमीटरची केबल, मागचं फाउंडेशन (ज्या रबरी आधारावर हे सगळं बसतं तो) हे सगळं सोडायचं, आणि लांबलचक धूड शेपूट खाली करून तिरकं काढायचं. गिअरबॉक्समध्ये काही बिघाड नाही. त्याला हात न लावता नुसतं इंजिन पुढे सरकवून काढायचं ठरलं. काका जिंकले, आणि जिंकल्यावर उस्तादांना पोहे-जिलबी मागवली.

मात्र इंजिन सुटलं की गिअरबॉक्सच्या तोंडाला आधार राहत नाही. साधारणपणे लोक खाली जॅक लावतात. आपल्याला गाडी मागे ढकलायचीय, जॅक फरशीवर राहील आणि गिअरबॉक्स गाडीबरोबर मागे जाईल. म्हणून आधार गाडीलाच लावला: हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं रुंद तोंड) पोटाखाली सागाचा ठोकळा, त्याच्या दोन्ही टोकांना साखळी, साखळ्या गाडीच्या दोन्हीकडच्या मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या पट्ट्यांना. गाडीबरोबर तोही मागे जाईल.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी, म्हणून घोडी आजच उभी केली.

हिचं गणित लिहून ठेवण्यासारखं आहे. पाय १२ फूट, म्हणजे ३.६ मीटरचे. प्रत्येक पाय मध्यापासून १.६ मीटरवर रोवला की माथा ३.२ मीटर उंच येतो. जमिनीवर दोन पायांमधलं अंतर पावणेतीन मीटर. गाडीची रुंदी टेपने सुमारे १६६ सेंटिमीटर. भरपूर जागा आहे असं वाटतं. पण पाय वर जाताना आत झुकतात. मडगार्डच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, दोन पायांमध्ये दोनच मीटर उरतात. प्रत्येक बाजूला जेमतेम वीतभर. हे अंतर जमिनीवर मोजायचं नाही, त्या उंचीला दोरी ताणून मोजायचं. पाय १.३ मीटरवर रोवले असते तर त्या उंचीला अंतर १.६ मीटरच्या आसपास आलं असतं आणि गाडी अडकली असती, तीही इंजिन लटकत असताना.

दुसरं, पायांना बाहेर सरकायची ओढ असते. २०० किलोला या पसाऱ्यात प्रत्येक पायावर साधारण ३३ किलोची आडवी ओढ येते. मातीत पाय रुततो म्हणून पंपवाल्यांना याची फिकीर नसते. गुळगुळीत फरशीवर पाय सरकू शकतो. तिन्ही पायांना तळाशी साखळीने गोल बांधून घेतलं आणि टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण देणाऱ्या स्क्रूने, ताणलं. ही साखळी जमिनीलगत आहे, गाडीची चाकं तिच्यावरून जातात. पायाखाली दीड इंची फळ्या, म्हणजे फरशी तडकणार नाही आणि वजन पसरेल.

मग पाच गोण्या, २५० किलो. पुतण्याच्या कारखान्यात उचलायच्या वजनाच्या सव्वापट टांगून तपासतात, तोच नियम इथे. गोण्या वर घेतल्या, पायांच्या टोकांभोवती खडू फिरवला, जेवलो. खुणा जागच्या जागी. कुप्पीची साखळी इंचभरही उतरली नाही.

शेजारची पोरं विचारून गेली, बोअर पाडताय का म्हणून.

२९ डिसेंबर, रविवार

इंजिन बाहेर आलं.

सकाळी धुकं होतं, दहापर्यंत फरशी ओलसर, तोवर हात लावला नाही. माणसं अशी: कुप्पीच्या साखळीवर मी. उस्ताद इंजिनापाशी. पुतण्या स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. या गाडीला ब्रेक इंजिन बंद असतानाही तसाच लागतो. ढकलायला शेजारचे दोघं दादा. काका खुर्चीवर, अधिकार सगळे त्यांच्याकडे. एकच नियम आधी सांगितला: थांबा म्हणायचा हक्क सगळ्यांना, चला म्हणायचा फक्त उस्तादांना. आणि इंजिन व गाडीचा पत्रा यांच्यामध्ये कोणाचा हात जाणार नाही, काहीही झालं तरी.

साखळी हेडच्या दोन स्टडांना लावली, एक पुढचा, एक मागचा, कर्णरेषेत. नटाखाली जाड पट्टी आणि पट्टीला डी शॅकल. हेडचा नट असा सोडून पुन्हा आवळला की गॅस्केटचा भरवसा जातो, पण ते बदलायचंच आहे. इंजिनाचा जडपणा मागे असतो, फ्लायव्हील आणि क्लच तिथे आहेत, म्हणून मागची तंगडी दोन कड्यांनी आखूड. पुढच्या तंगडीत टर्नबकल, म्हणजे लटकल्यावरही तोल सुधारता येतो. बाजारात यासाठी लांब स्क्रूचा लेव्हलर मिळतो, त्याचंच हे घरगुती रूप.

आता सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप, आणि ते फूटपट्टीने होतं. वजन घेण्याआधी दोन्ही पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची लिहून घेतली. साखळी ताणत गेलो तशी गाडी पुढून वर यायला लागली, कारण इंजिनाचं वजन तिच्यावरून उतरत होतं. उंची वाढायची थांबली की इंजिन पूर्ण आपल्या हातात आलं असं समजायचं, पण फाउंडेशनचे बोल्ट अजून लागलेले असताना ती थांबत नाही, आपण गाडीच उचलायला लागतो. म्हणून उस्ताद फाउंडेशनच्या बोल्टात पाना घालून बसले होते. बोल्ट हाताने फिरू लागला की इंजिनाचं वजन नेमकं साखळीवर आलं: ना रबरावर दाब, ना गाडीला वर ओढ. तिथे थांबून दोन्ही फाउंडेशन सोडली. मग हाउसिंगचे उरलेले बोल्ट, वरचा एक शेवटी.

सुटेना. डॉवेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरणाऱ्या खुंट्या, जाम होत्या. इथे लोक साखळी ओढून झटका देतात, आणि सगळं इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लोंबतं, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. उस्तादांनी फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घातल्या आणि आळीपाळीने हलके ठोके दिले. डावी, उजवी, डावी. फट उघडली, आधी नखाएवढी, मग बोटाएवढी.

"गाडी को पीछे लो, दो उंगल."

पुतण्याने ब्रेक सोडला, दादांनी रेटा दिला, गाडी दोन बोटं मागे. इंजिन जागच्या जागी. पुन्हा दोन बोटं. इंजिन शाफ्टच्या रेषेत राहिलं पाहिजे, म्हणून प्रत्येक वेळी फट वर आणि खाली सारखी आहे का ते बघायचं. वर जास्त दिसली तर टर्नबकल अर्धा फेरा. साधारण वीतभर गाडी मागे गेल्यावर शाफ्टचं टोक क्लचमधून बाहेर आलं आणि इंजिन अगदी थोडं, मनगटाएवढं, डोललं. मोकळं झालं होतं.

वर घेण्याआधी सगळ्यांनी हात मागे घेतले आणि उस्ताद एकदा टॉर्च घेऊन भोवती फिरले. अर्थची पट्टी, ऑइल गेजची नळी, ॲक्सिलरेटरचा दांडा, पेट्रोलची नळी. काही लागलेलं नाही ना. लागलेलं असतं तर साखळीबरोबर तेही वर येऊ लागतं आणि कुठेतरी तुटतं.

नंतरचं काम लांबलचक आणि शांत. साखळी ओढत राहायची. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, तळ पुढच्या पत्र्यापेक्षा वर आल्यावर आणखी चार बोटं घेतली, आणि गाडी सरळ मागे, फाटकापर्यंत. बॉनेटाविना, तोंड उघडं टाकलेली. इंजिन एकटं घोडीखाली उरलं. त्याला उंच ठेवायचं कारण नाही. लगेच उतरवून ट्रकच्या जुन्या टायरवर बसवलं. टायर चेंबरला सांभाळतो आणि इंजिन कलंडत नाही.

काका उठून आले, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एवढुसं आहे होय."

३० डिसेंबर, सोमवार

गाडी ढकलत बोळात कडेला लावली. छोटा हत्ती उलटा आत आला, घोडीच्या दोन पायांमधून. इंजिन पुन्हा उचललं, खाली गाडीचा हौदा आला, टायर आधी आणि त्यावर इंजिन, चारही बाजूंनी दोर. इंजिन लेथवाल्याकडे. घोडी पंपवाल्याला परत, पुन्हा लागेल असं सांगून.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर पतंग, खाली लेथवाल्याचा फोन. बोअर आधीच २० थाउवर गेलेले निघाले, म्हणजे काकांना न आठवणारी एक ओव्हरहॉलिंग या गाडीची होऊन गेलीय. आता ३० वर न्यायचे, एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यानंतर ४० उरतं, पुढे लायनर, म्हणजे सिलिंडरात नवी नळी बसवणं. क्रँकही घासायला दिला.

तिळगूळ घेऊन वहिनी विचारून गेल्या, बॉनेट गादीवरून कधी हलणार.

२ फेब्रुवारी, रविवार

इंजिन परत गाडीत. उतरवण्यापेक्षा बसवणं अवघड, कारण आता दोन वस्तू एकमेकींत शिरायच्या असतात.

क्लच प्लेट मध्यावर बसवायला सुताराकडून लाकडाचा खोटा शाफ्ट करून घेतला होता. हाउसिंगच्या भोकांत दोन लांब बोल्ट, डोकी कापलेले, वाट दाखवायला. इंजिन लटकवलं आणि या वेळी गाडी पुढे, दोन दोन बोटं. शाफ्टचे दात क्लचच्या दातांत जाईनात, तेव्हा गाडी गिअरमध्ये टाकून क्रँकची पुली पान्याने सावकाश फिरवली. दात जुळले आणि शेवटची दोन इंचांची फट नुसत्या हाताच्या रेट्याने मिटली. फट उरलेली असताना बोल्ट आवळून ओढून घेणं ही हाउसिंग फोडायची हमखास रीत आहे. उस्तादांनी बोल्ट खिशातच ठेवले होते, फट मिटेपर्यंत कोणाला दिले नाहीत.

मग फाउंडेशन, आणि पुन्हा मडगार्डला फूटपट्टी. आकडे २९ डिसेंबरच्या नोंदीशी जुळले.

९ फेब्रुवारी, रविवार

नव्या बेअरिंगांना पहिल्या क्षणापासून ऑइल मिळावं म्हणून प्लग काढून ठेवले आणि नुसता सेल्फ फिरवला, दाबाचा काटा हलेपर्यंत. मग प्लग लावून सुरू केली. धूर थोडा आला, तो जोडणीच्या वेळी लावलेल्या ऑइलचा, पाचेक मिनिटांत गेला. पंख्याच्या बाजूच्या होजला थेंब दिसतोय, क्लॅम्प बदलायचा आहे. गरम झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासायचे, हेडचे नट पुन्हा आवळायचे. बॉनेट बसवलं, मार्करच्या रेघांवर. घोडी उद्या सकाळी पंपवाला घेऊन जाईल. त्याला महूकडे एक पंप काढायचाय.